ताट समोर, मासा उपाशी

बाह्यरुग्ण विभागात दिवसभरात सर्वांत जास्त वेळा कानावर पडणारं वाक्य कोणतं, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, "डॉक्टर, काही खातच नाही हो!" आई लेकराबद्दल सांगते, सून सासऱ्यांबद्दल सांगते, नवरा बाळंतीण बायकोबद्दल सांगतो. सरकारी रुग्णालयात इतकी वर्षं काढल्यावर या एका वाक्याच्या पोटात किती आजार लपलेले असतात, हे मला पाठ झालं आहे. तरीही दोन वर्षांपूर्वी हेच वाक्य फोनवर ऐकलं, तेव्हा मी गडबडलो.

"काका, काही खातच नाही."

"कोण, आजी?"

"नाही हो, मासा."

माझी नोकरी साताऱ्यात आणि घर सांगलीत. सांगलीच्या घरी गेली बारा-तेरा वर्षं खाऱ्या पाण्याची एक टाकी आहे. फोन होता विश्रामबागेतल्या आमच्या शेजाऱ्यांच्या मुलाचा. माझी टाकी बघूनच त्यानं स्वतःची टाकी लावली होती, त्यामुळे अर्धा दोष माझा. त्यानं मुंबईहून बटरफ्लायफिशची एक जोडी मागवली होती. पिवळ्या-केशरी अंगावर निळसर जांभळ्या बारीक रेघा, डोळ्यावरून जाणारा काळा पट्टा. मी शनिवारी सांगलीत पोचलो, तोवर जोडीतला एक गेला होता. दुसऱ्याची पाठ डोळ्यांच्या वर खोल गेली होती आणि पोट आत ओढलं गेलं होतं. टाकीत टाकलेली कोळंबी त्याच्या तोंडासमोरून तरंगत खाली जात होती. तो तिच्याकडे बघायचा आणि वळायचा. सुकटी झालेलं बाळ ज्यानं एकदा पाहिलं आहे, त्याला हे चित्र वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मुलानं वही आणली. रोजचं तापमान, क्षारता, अमोनिया, नायट्राइट, सगळं तारीखवार लिहिलेलं. "पाणी तर एकदम बरोबर आहे, काका." खरंच बरोबर होतं. एकोणिसाव्या दिवशी तो मासाही मेला. त्याला कुठलाही आजार नव्हता. समोर आलेलं अन्न त्याच्या लेखी अन्नच नव्हतं.

हा लेख त्या माशाबद्दल आहे. आणि थोडासा माझ्या उजव्या हाताच्या बोटाबद्दलही. त्याकडे पुढे येतो.

केसांसारखे दात

बटरफ्लायफिश, म्हणजे फुलपाखरू मासे, हे एक मोठं कूळ आहे. त्यात सुमारे १३० जाती आहेत. कुळाचं शास्त्रीय नाव कीटोडॉन्टिडी. 'केस' आणि 'दात' या दोन ग्रीक शब्दांपासून ते बनलं आहे, कारण या माशांचे दात ब्रशच्या केसांसारखे बारीक आणि दाट असतात. अंग थाळीसारखं चपटं, तोंड इवलंसं आणि पुढे आलेलं. पुष्कळ जातींत खरा डोळा काळ्या पट्ट्यात लपलेला असतो आणि शेपटीजवळ एक खोटा डोळा काढलेला असतो. शत्रूला डोकं कुठलं हे कळू नये, म्हणून ही सोय असावी असं मानतात. यांतले बरेचसे मासे जोडीनं राहतात, दिवसा चरतात आणि रात्री खडकाच्या फटीत झोपतात.

पाळणाऱ्याच्या दृष्टीनं महत्त्वाचा प्रश्न एकच: हा खातो काय? त्यावरून यांचे तीन गट पडतात. पहिला गट बऱ्यापैकी सगळं खाणाऱ्यांचा. थ्रेडफिन, रकून, आणि पाठीवर लांब पांढरी पताका मिरवणारा हेनिओकस हे या गटातले. ते किडे, शेवाळ, कोळंबी, शिंपल्यांचं मांस यावर राहू शकतात. दुसरा गट चोखंदळांचा. लांब चोचीचा, तांबूस पट्ट्यांचा कॉपरबँड हा त्याचा नमुना. तो खाईलही, खाणारही नाही. सवय लागायला आठवडे जातात आणि तेवढा वेळ त्याचं शरीर देईलच असं नाही. तिसरा गट फक्त प्रवाळ खाणाऱ्यांचा.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. चुनखडीचं घर बांधून त्यात वसाहतीनं राहणारे ते बारीक प्राणी असतात. तिसऱ्या गटातला मासा उजाडल्यापासून मावळेपर्यंत या प्राण्यांचे लहान लहान घास खुडत फिरतो. शेजाऱ्यांच्या मुलानं आणलेला मेलन बटरफ्लायफिश याच गटातला. याच गटातला शेव्हरॉन तर इतका हट्टी, की टेबलासारखा पसरलेला अॅक्रोपोरा जातीचा प्रवाळ हाच त्याचा मुख्य आहार. त्याचं तोंड, त्याची चव, त्याचा सगळा दिनक्रम त्या एका ताटाभोवती घडलेला आहे. क्वचित एखादा मासा टाकीत दुसरं अन्न स्वीकारतो आणि मग त्याच्याच कौतुकाच्या गोष्टी पसरतात. न स्वीकारलेल्यांची गोष्ट कुणी सांगत बसत नाही.

समुद्रात ताट हिरावलं गेलं तर काय होतं, तेही दिसलं आहे. २०१६ मध्ये समुद्राचं पाणी तापलं आणि जगभरात प्रवाळ पांढरे पडून मेले. त्या घटनेच्या आधी आणि नंतर शास्त्रज्ञांनी १७ प्रवाळ खडकांवर बटरफ्लायफिशच्या ३८ जातींचं निरीक्षण केलं. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: प्रवाळ मेल्यावर या माशांची आपसातली भांडणं सुमारे दोन तृतीयांशांनी कमी झाली होती. वरवर ही शांतता वाटेल. मला मात्र वॉर्डातली मुलं आठवली. कुपोषित मूल फारसं रडत नाही, हट्ट करत नाही, दंगा करत नाही. त्याच्याकडे त्यासाठी शक्तीच उरलेली नसते.

पठारावरचा समुद्र

सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे, घाट उतरून. त्यामुळे आम्हाला समुद्र घरीच कालवावा लागतो. "मीठच ना? मग स्वयंपाकघरातलं टाका," असं पाहुणे सहज म्हणतात. त्यांना मी सिडनी रिंगर या डॉक्टरची गोष्ट सांगतो.

१८८० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये रिंगर बेडकाचं हृदय शरीराबाहेर मिठाच्या पाण्यात धडधडतं ठेवण्याचे प्रयोग करत होते. हृदय छान चालत होतं. मग लक्षात आलं, की ते द्रावण शुद्ध केलेल्या पाण्यात नव्हे, तर साध्या नळाच्या पाण्यात बनवलं जात होतं. शुद्ध पाणी वापरल्यावर हृदय लवकरच थांबू लागलं. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम ते काम करत होतं. आज तुम्हाला सलाइन लावताना बाटलीवर 'रिंगर लॅक्टेट' दिसतं, ते याच रिंगर यांचं नाव. नुसतं मीठ आणि शरीराला लागणारं खारं पाणी यांत फरक असतो, तसाच मिठाचं पाणी आणि समुद्र यांतही असतो. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट, बायकार्बोनेट असं बरंच काही ठरावीक प्रमाणात असतं. म्हणून मत्स्यालयासाठी तयार मिळणारं समुद्री मीठच घ्यावं लागतं आणि ते आरओच्या पाण्यात कालवावं लागतं.

आपल्या साध्या सलाइनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं. समुद्रात ३५ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ चौपट. २५० लिटरच्या टाकीला पावणेनऊ किलो मीठ लागतं. अशा पाण्यात राहणारा मासा कायम तहानलेला असतो. त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, म्हणून तो सारखा समुद्र पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींमधून बाहेर फेकतो. हे काम चोवीस तास चालू असतं. क्षारता एका दिवसात वरखाली झाली की त्याच्यावरचा ताण वाढतो.

इथे नवखा माणूस हमखास एक चूक करतो. टाकीतलं पाणी आटतं, म्हणून तो त्यात आणखी खारं पाणी घालतो. आटतं ते फक्त पाणी. मीठ मागेच राहतं. उन्हाळ्यात माझ्या टाकीतून रोज तीन-चार लिटर पाणी उडतं. त्याची भरपाई गोड्या पाण्यानंच करायची असते. लिटरभर पाण्यात विरघळायची ओआरएसची पुडी पेलाभर पाण्यात ढवळून बाळाला पाजली, तर जुलाबापेक्षा ते पाणीच घातक ठरू शकतं. टाकीचा हिशेब तोच.

दुसरा प्रश्न लघवीचा. आपल्या शरीरात तयार होणारा अमोनिया यकृत युरियात बदलतं आणि मूत्रपिंड तो बाहेर टाकतं. यकृत निकामी झालेल्या रुग्णाच्या रक्तात अमोनिया साचला की तो भ्रमिष्ट होतो, बेशुद्ध पडतो. मासे मात्र अमोनिया थेट कल्ल्यांतून पाण्यात सोडतात. समुद्रात तो वाहून जातो. टाकीत तो त्याच माशाभोवती राहतो. शिवाय समुद्राचं पाणी अल्कधर्मी, पीएच ८.१ ते ८.४. अशा पाण्यात अमोनियाचा विषारी भाग गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. टाकीचं यकृत म्हणजे वाळूत आणि दगडांवर वाढणारे जिवाणू. ते अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. हे जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर टाकी रिकामी ठेवण्याचा संयम लागतो. बटरफ्लायफिशसाठी मी सहा महिने जुनी, स्थिरावलेली टाकीच योग्य मानतो.

आणि वीज. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. मी साताऱ्यात ड्युटीवर, रस्ते बंद. आमच्या घरात पाणी शिरलं नाही, पण वीज गेली. पहिला दिवस इन्व्हर्टरनं काढला. मग पत्नी आणि मुलगी रात्रभर आळीपाळीनं तांब्यानं टाकीतलं पाणी उचलून वरून ओतत राहिल्या, पाण्यात हवा मिसळावी म्हणून. दुसऱ्या रात्री थ्रेडफिनची जोडी गेली. क्लाउनफिश वाचले. त्या आठवड्यात माणसांची घरं गेली, गोठ्यातली जनावरं गेली. माशांचं दुःख बोलून दाखवायची मला लाज वाटली. पण त्यानंतर बॅटरीवर चालणारे दोन एअरपंप मी कायमचे घरात ठेवले आहेत. ज्याच्याकडे ही सोय नाही, त्यानं आपल्या भागात नाजूक मासा ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जेवायला बसवणं

पहिल्या दोन गटांतला मासा आणला, तरी तो पहिल्या दिवशी खाईल याची खात्री नसते. प्रवासानं तो घाबरलेला असतो. अशा वेळी जे उपाय चालतात ते बालरोग विभागातल्यासारखेच आहेत: थोडं थोडं, वारंवार, आणि त्याच्या ओळखीच्या रूपात.

बटरफ्लायफिशचं पोट लहान असतं आणि समुद्रात तो दिवसभर चरतो. त्याला सकाळी एक मोठा घास टाकून कामावर जाणं म्हणजे दिवसभर उपाशी ठेवणं. दिवसातून चार-पाच वेळा चिमूटभर खाणं हवं. गोठवलेली मायसिस कोळंबी आणि आर्टेमिया उपयोगी पडतात. न खाणाऱ्या माशासाठी माझा भरवशाचा उपाय म्हणजे तिसऱ्या. कोकणातून सांगलीच्या बाजारात तिसऱ्या येतात. एक तिसरी उघडून, स्वच्छ धुऊन, मांसासकट अर्धी शिंपली तशीच खडकात अडकवून ठेवायची. पाण्यात तरंगणारा तुकडा या माशाला परका वाटतो. कठीण कवचाला चिकटलेलं मऊ मांस मात्र ओळखीचं वाटतं. कॉपरबँडनं माझ्याकडे पहिला घास घेतला तो असाच, नवव्या दिवशी. दोन तासांत न संपलेलं मांस मात्र काढून टाकायचं, नाहीतर तेच सडून अमोनिया वाढतो.

एक सावधगिरी. कच्च्या शिंपल्यांत आणि काही माशांत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं एक विकर असतं. रोज फक्त तिसऱ्याच दिल्या तर पोट भरूनही कमतरता होऊ शकते. आहार बदलता ठेवायचा. हे वाक्य मी रुग्णांना दिवसातून दहा वेळा सांगतो.

माशाचं वजन घरी करता येत नाही, पण त्याला समोरून बघता येतं. डोळ्यांच्या वरचा पाठीचा भाग भरलेला आहे का? पोटाची रेघ सरळ किंवा बाहेर आलेली आहे का? पाठ खोलगट दिसू लागली, की वेळ फार थोडा उरलेला असतो. शेजाऱ्यांच्या मुलाच्या वहीत पाण्याचे आकडे रोज होते. माशाच्या अंगाबद्दल एक ओळ नव्हती. आम्ही डॉक्टरही असंच करतो. रिपोर्ट चाळतो आणि रुग्णाकडे बघायचं राहून जातं.

नव्या पाहुण्याची वेगळी खोली

१३७७ मध्ये एड्रियाटिक समुद्राकाठच्या रॅगुसा शहरानं, म्हणजे आजच्या डुब्रोव्हनिकनं, प्लेगच्या गावांहून येणाऱ्यांना तीस दिवस वेगळं ठेवायचा नियम केला. पुढे तो चाळीस दिवसांचा झाला आणि त्यातून 'क्वारंटाइन' हा शब्द आला. कोविडनंतर तो शब्द कुणाला समजावून सांगायची गरज उरली नाही. माशांनाही तो लागू आहे. नवा मासा चार ते सहा आठवडे वेगळ्या, साध्या टाकीत ठेवायचा.

कारण क्रिप्टोकॅरिऑन नावाचा परजीवी. माशाच्या अंगावर मिठाचे दाणे चिकटल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. काही दिवसांत ते आपोआप नाहीसे होतात आणि मालक खूश होतो. खरं तर परजीवी माशावरून उतरून वाळूत कवचात बसलेला असतो. तिथे त्याची शेकडो पिल्लं तयार होतात आणि ती पुन्हा माशावर येतात. म्हणजे ठिपके गेले हे बरं झाल्याचं लक्षण नव्हे. एकदा हा मुख्य टाकीत शिरला, की ती दोन-अडीच महिने माशांविना ठेवावी लागते.

यावर तांब्याचं औषध वापरतात, पण गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांतलं अंतर थोडं आहे आणि बटरफ्लायफिशना ते सहसा सोसत नाही. दुसरं औषध क्लोरोक्विन. हो, आपलं मलेरियाचंच. मोठ्या मत्स्यालयांत तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ते वापरलं जातं. यावरून इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यात एका जोडप्यानं कोविडच्या भीतीनं माशांसाठी आणलेलं क्लोरोक्विन फॉस्फेट स्वतः घेतलं. नवरा दगावला, बायकोला रुग्णालयात भरती करावं लागलं. या औषधाची मात्रा थोडी जरी चुकली तरी ते हृदयाची लय बिघडवतं. माशांच्या औषधांच्या बाटल्या मुलांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. आणि उलट बाजूनं, घरात उरलेली प्रतिजैविकं टाकीत टाकू नका. त्यानं तुमचं 'यकृत', म्हणजे ते उपयोगी जिवाणू मरतात आणि औषधांना न जुमानणारे जंतू तयार होतात. ते जंतू टाकीतच राहतील याची हमी कुणी देत नाही.

माझं बोट

आता बोटाची गोष्ट. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात टाकीतला दगड हलवताना उजव्या हाताची तर्जनी सांध्यावर खरचटली. मी ती नळाखाली धरली आणि विसरलो. तीन आठवड्यांनी तिथे एक लालसर गाठ आली. दुखत नव्हती. मी स्वतःच स्वतःला प्रतिजैविकाचा कोर्स दिला. गाठ हलली नाही. मग दुसरा दिला. महिन्याभरानं मनगटाच्या दिशेनं दुसरी गाठ उठली. मी मनात वातापासून क्षयापर्यंत सगळं आणून झालो. शेवटी आमच्या विभागातल्या त्वचारोगाच्या तरुण डॉक्टर मुलीनं हात बघितला आणि विचारलं, "सर, तुमच्या घरी मासे आहेत ना?"

मी तीस वर्षांत हजारो रुग्णांना हजारो प्रश्न विचारले असतील. हा एक स्वतःला विचारायचा राहिला होता.

आजाराचं नाव 'फिश टँक ग्रॅन्युलोमा'. जंतू मायकोबॅक्टेरियम मरिनम, क्षयाच्या जंतूचा चुलतभाऊ. १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या समुद्री माशांमध्ये तो पहिल्यांदा सापडला. माणसाला तो खरचटलेल्या जागेतून होतो. साधारण दोन ते चार आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही, गाठ येते. या जंतूला थंडावा आवडतो. ३० अंशांच्या आसपास तो नीट वाढतो. म्हणून तो हाता-पायांवर, शरीराच्या थंड भागांत राहतो. आणि म्हणूनच प्रयोगशाळेत नेहमीच्या ३७ अंशांवर ठेवलेल्या नमुन्यात तो उगवत नाही. 'माशांची टाकी' हे दोन शब्द तपासणीच्या कागदावर लिहिले नसतील, तर रिपोर्ट 'काही नाही' असा येऊ शकतो.

आपल्या भागात याची गल्लत सहज होते. काटा टोचून होणारा बुरशीचा आजार अगदी असाच दिसतो. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसला तर त्वचेचा क्षय समजून औषधं चालू होतात. पण क्षयाच्या नेहमीच्या औषधांपैकी पायराझिनामाइड या जंतूवर चालत नाही आणि आयसोनियाझिडवरही भरवसा ठेवता येत नाही. मला क्लॅरिथ्रोमायसिन आणि एथॅम्बुटॉल अशी दोन औषधं चार महिने घ्यावी लागली. बोट आज ठीक आहे, थंडीत थोडं आखडतं. हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे घरच्यांनी घाबरायचं कारण नाही.

टाकी गोड्या पाण्याची असो वा खाऱ्या, काही नियम पाळा. हातावर जखम, भेग, फोड असेल तर हात टाकीत घालू नका. दगड हलवताना लांब रबरी हातमोजे घाला. नंतर साबणानं हात धुवा, पण जेवणाच्या भांड्यांच्या मोरीत टाकीची नळी आणि ब्रश धुऊ नका. नळीनं पाणी काढताना तोंडानं ओढू नका. मधुमेह असणाऱ्यांनी, स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी टाकीची साफसफाई दुसऱ्याकडे सोपवावी. गाठ आलीच तर डॉक्टरांना आपणहून सांगा की घरी मासे आहेत.

आणखी दोन धोके. झोअँथिड नावाच्या बटणासारख्या रंगीत समुद्री जीवांपैकी काहींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असतं. असे जीव असलेला दगड उकळत्या पाण्यात टाकून किंवा कोरडा घासून साफ केल्यानं विष हवेत उडून ताप, खोकला, धाप लागल्याच्या घटना जगात अनेक ठिकाणी घडल्या आहेत. दुसरा धोका साधा, विजेचा. खारं पाणी वीज फार चांगली वाहून नेतं. अर्थिंग तपासा, घरात गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर बसवा, आणि हात घालण्यापूर्वी हीटर-पंप बंद करा.

जिथले तिथे

क्लाउनफिश आणि डॅमसेल यांचं प्रजनन टाकीत करण्याचं तंत्र आपल्याच देशात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं विकसित केलं आहे. त्यामुळे टाकीतच जन्मलेले मासे पाळणं आता शक्य आहे. बटरफ्लायफिशचं तसं नाही. त्यांची पिल्लं दीर्घ काळ खुल्या समुद्रात तरंगत वाढतात. माणसाच्या हाताखाली वाढवण्यात यश आलेल्या जाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणजे दुकानातला जवळपास प्रत्येक बटरफ्लायफिश समुद्रातून पकडून आणलेला असतो. आग्नेय आशियात काही ठिकाणी मासे गुंगवण्यासाठी पाण्यात सायनाइड फवारलं जातं. असा मासा वरून ठणठणीत दिसतो आणि काही दिवसांनी कारण न कळता मरतो.

"मग जिवंत प्रवाळच ठेवतो टाकीत, त्याला खायला," असं शेजाऱ्यांचा मुलगा म्हणाला होता. दोन कारणांनी ते जमणार नाही. एक मासा ज्या वेगानं प्रवाळ खुडतो, त्या वेगानं घरच्या टाकीत प्रवाळ वाढत नाही. आणि आपल्या समुद्रातल्या कठीण प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचं संरक्षण आहे. ते काढणं, विकणं, बाळगणं गुन्हा आहे. मालवणहून येताना आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडा बॅगेत टाकणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

त्यापेक्षा मालवणला जा. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांत प्रवाळ आहेत. तोंडावर नळी लावून, हात न लावता, नांगर प्रवाळावर न टाकणाऱ्या नावेतून ते पाहता येतात. आणखी आत, विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर पश्चिमेला, समुद्राखाली एक मोठं प्रवाळी पठार आहे. त्याचं नाव आंग्रिया बँक. नाव कान्होजी आंग्र्यांवरून पडलेलं. कान्होजी साताऱ्याच्या शाहू छत्रपतींचे सरखेल होते. आमच्या साताऱ्याचा समुद्राशी संबंध नाही असं कुणी म्हणू नये. आणि पाण्यात उतरायचं नसेल तर रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्रातलं मत्स्यालय काचेच्या अलीकडून बघता येतं.

मी पाळूच नका असं म्हणत नाही. मी स्वतः पाळतो. पण पहिल्या गटातला मासा घ्या, आणि घेण्याआधी दुकानदाराला एकच विनंती करा: माझ्यासमोर त्याला खायला घाला. रंग, आकार, किंमत नंतर बघा. डोळ्यांच्या वरची पाठ भरलेली, आणि टाकलेल्या घासावर झडप घालणारा मासा असेल तरच पिशवीत घ्या. नसेल तर रिकाम्या हातानं परत या.

गेल्या महिन्यात शेजाऱ्यांच्या मुलाचा पुन्हा फोन आला. पुण्याच्या एका दुकानात उभा होता.

"काका, हेनिओकस आहे. सुंदर आहे. पण अर्धा तास झाला, काही खातच नाही."

"मग?"

"मग काय, नाही घेतला. पुढच्या आठवड्यात परत येऊन बघतो. तोवर खायला लागला तर."